होमब्रू जादुई वस्तूने खेळ बिघडवला? आकडा कापण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, फासे टाकून टेबलावर खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांत होमब्रू, म्हणजे स्वतः रचलेल्या वस्तूंबद्दल तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. जीएमने (गेम मास्टर, खेळ चालवणारा) मनापासून एक जादुई वस्तू घडवली, खेळाडूला दिली, टेबलावर सगळे खूश. दोन-तीन सेशन जातात आणि लढाया दुसऱ्याच राउंडला आटपायला लागतात. बाकीचे खेळाडू आपली टर्न आली की ‘मी पण मारतो’ एवढंच म्हणतात. मग जीएम राक्षसांचे हिट पॉइंट (किती मार सोसता येईल तो आकडा) वाढवतो. त्याने आणखीच पंचाईत होते, कारण आता ज्याच्याकडे ती वस्तू नाही त्याच्या वाराने राक्षसावर ओरखडाही उठत नाही. शेवटी वस्तूवर कात्री चालते, खेळाडू नाराज होतो आणि पुढच्या वस्तूच्या वेळी हेच सगळं पहिल्यापासून.

हे चक्र थांबत नाही, कारण दुरुस्ती चुकीच्या जागी होते. आपण आकडा बघतो: २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) फार झालं, १डी६ करू. पण बिघडलेल्या वस्तूत आकडा हा मूळ दोष क्वचितच असतो. खेळाच्या नियमांनी प्रत्येक पात्राला काही बंधनं घातलेली असतात. टर्नला एक अ‍ॅक्शन, एका वेळी एकच कॉन्सन्ट्रेशन (लक्ष देऊन चालू ठेवलेली स्पेल, म्हणजे मंत्र), मोजके स्पेल स्लॉट (स्पेल टाकण्याच्या संधी), फार तर तीन अट्यूनमेंट (पात्राने वस्तूशी जोडलेलं नातं), विश्रांतीशिवाय परत न येणाऱ्या शक्ती. यांतलं एखादं बंधन वस्तूने गुपचूप काढून टाकलं की खेळ कलंडतो. म्हणून निदान करताना ‘किती?’ हा प्रश्न मागे ठेवा आणि आधी विचारा, ‘कुठलं बंधन सुटलं?’

खालचे हिशेब डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत, तेही मुख्यतः २०१४ च्या नियमांप्रमाणे. २०२४ मध्ये सुधारित पुस्तकं यायला लागली, पण या हिशेबांचा सांगाडा तोच राहिला आहे.

शस्त्र प्रत्येक वाराला जास्तीचं नुकसान करतं

एक नमुना घेऊ. विजेचा भाला: लागलेल्या प्रत्येक वाराला २डी६ विजेचं नुकसान, ज्याला लागला त्याची दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायची प्रतिक्रिया, म्हणजे रिअ‍ॅक्शन त्या राउंडपुरती जाते, अट्यूनमेंट नको. पाचव्या लेव्हलच्या फायटरला हा मिळाला.

दोन्ही हातांनी धरलेला भाला १डी८ करतो आणि ताकदीचे ४, म्हणजे सरासरी ८.५. वर २डी६ चे ७ धरले की १५.५. एक वार जवळजवळ दुप्पट झाला. फायटर पाचव्या लेव्हलला टर्नमध्ये दोन वार करतो. वार लागण्याची शक्यता ६५ टक्के धरली तर क्रिटिकल (फाशावर २० आला की होणारा जबर वार) सोडून राउंडला ९.१ नुकसान फक्त विजेचं. अ‍ॅक्शन सर्ज (टर्नमध्ये एक जादा कृती) वापरला तर चार वार, म्हणजे १८.२. अकराव्या लेव्हलला तिसरा वार मिळाला की नेहमीच्या राउंडलाच १३.६५. क्रिटिकलला फासे दुप्पट होतात तेही यात नाही. थोडक्यात, भाला तसाच राहिला तरी त्याचं नुकसान फायटरच्या वारांबरोबर आपोआप वाढत गेलं.

इथे २डी६ चं १डी६ केलं तर वाढ निम्म्याने होईल, पण वाढतच राहील. त्याऐवजी ‘प्रत्येक वाराला’ हे शब्द काढून ‘तुमच्या प्रत्येक टर्नमध्ये एकदा’ असं लिहून बघा. दोन वारांपैकी निदान एक लागण्याची शक्यता ८७.७५ टक्के, म्हणजे सरासरी ६.१. तीन वारांना ९५.७ टक्के, म्हणजे ६.७. फासे तेच, खेळाडूला मिळणारी मजा तीच, पण पाचव्या लेव्हलपासून अकराव्यापर्यंत आकडा जागेवर थांबला. ‘तुमच्या’ हा शब्द सोडू नका. नुसतं ‘टर्नमध्ये एकदा’ लिहिलं तर शत्रूच्या टर्नमध्ये केलेल्या ऑपर्च्युनिटी अटॅकलाही (शत्रू हाताच्या टप्प्यातून निघताना केलेल्या वारालाही) ते लागू होतं. ‘रोग’ या चोरट्या पात्रवर्गाचा स्नीक अटॅक असाच लिहिलेला आहे आणि जाणते खेळाडू त्याचा पुरेपूर उपयोग करतात.

अधिकृत फ्लेम टंग तलवारही लागलेल्या प्रत्येक वाराला २डी६ आगीचं नुकसान करते, हे खरं. पण ती रेअर (दुर्मीळ श्रेणीची) आहे, तिला अट्यूनमेंट लागतं आणि पेटवायला टर्नमधली छोटी जादा कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन जाते. तरीही ती त्या रेअरिटीतल्या सगळ्यात जोरकस शस्त्रांपैकी एक आहे. तिची नक्कल करताना नेमक्या तिच्या अटीच गाळल्या जातात.

भाल्याचा दुसरा गुण मात्र मला विजेपेक्षा जास्त काळजीत टाकतो. सेव्हिंग थ्रो (परिणाम टाळण्यासाठी टाकायचा फासा) नाही, काही नाही, वार लागला की शत्रूची रिअ‍ॅक्शन गेली. म्हणजे सगळी टोळी त्याच्या समोरून बिनधास्त निघून जाऊ शकते. शत्रू जादूगार असेल तर त्याला काउंटरस्पेल (दुसऱ्याची स्पेल हाणून पाडणारी स्पेल) टाकता येत नाही, शील्ड ही बचावाची स्पेलही नाही. लढाईत मोक्याची जागा धरून ठेवण्याला जो अर्थ असतो तो एका ओळीने पुसला गेला. नुकसानाचे फासे सगळ्यांना दिसतात, त्यामुळे वाद त्यांच्यावर होतो. ही ओळ मात्र वस्तूच्या वर्णनात कुणाच्या लक्षातही न येता पडून राहते.

आर्मर क्लास वाढवणाऱ्या वस्तू

‘फक्त एकने तर वाढतोय’ हे वाक्य इथे फसवतं. डी२० (वीस बाजूंचा फासा) वर एक म्हणजे ५ टक्के, हे बरोबर. पण ते ५ टक्के कशातून वजा होतात ते बघा.

शत्रूचा अटॅक बोनस (वाराच्या फाशात मिळवायचा आकडा) +७ धरा. एसी (आर्मर क्लास, वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १८ असेल तर त्याचे ५० टक्के वार लागतात. एसी १९ झाला की ४५ टक्के, म्हणजे अंगावर येणारं नुकसान दहाव्या हिश्शाने कमी झालं. आता प्लेट आर्मर, ढाल आणि डिफेन्स फायटिंग स्टाइल असलेला फायटर घ्या. एसी २१, वार लागण्याची शक्यता ३५ टक्के. त्याला +१ ढाल, +१ आर्मर आणि क्लोक ऑफ प्रोटेक्शन मिळाला की एसी २४, शक्यता २० टक्के. तीन छोट्या वस्तूंनी नुकसान ४० टक्क्यांहून जास्त घटवलं. त्यावर आणखी एक +१ दिला तर २० चे १५ टक्के, म्हणजे उरलेल्यातला चौथा हिस्सा गेला. एसी जितका वर, तितका पुढचा प्रत्येक अंक महाग. अधिकृत यादीत +१ शस्त्र आणि +१ ढाल अनकॉमन (रेअरच्या खालच्या श्रेणीच्या) आहेत, +१ आर्मर मात्र रेअर आहे, याचं कारण मला तरी यातच दिसतं.

याच्यावर जीएम जे औषध करतो ते रोगापेक्षा वाईट. शत्रूचा अटॅक बोनस +११ केला की फायटरला पुन्हा ४० टक्के वार लागायला लागतात. पण एसी १३ वाल्या विझर्डला आधी ७५ टक्के वार लागत होते, आता ९५ टक्के. ज्याने काही मागितलं नव्हतं तो मरतो.

दुरुस्ती अशी: कायमचा एसी देऊ नका, क्षण द्या. ‘रिअ‍ॅक्शन वापरून एका अटॅकविरुद्ध एसी ३ ने वाढतो, दिवसातून दोनदा’ ही वस्तू टेबलावर जास्त रंगते, कारण खेळाडूला ठरवावं लागतं की रिअ‍ॅक्शन आत्ता खर्च करायची की पुढच्या मोठ्या वारासाठी राखायची. कायमचा +१ पात्राच्या कागदावर एकदा लिहिला की खेळाडूही विसरतो.

हेच स्पेल सेव्ह डीसीला (स्पेलपासून वाचायला सेव्हिंग थ्रोत गाठावा लागणारा आकडा). पाचव्या लेव्हलच्या विझर्डचा डीसी साधारण १५ असतो. +२ सेव्ह असलेला शत्रू ६० टक्के वेळा नापास होतो. डीसी ३ ने वाढवणारी काठी दिली की ७५ टक्के वेळा. नुकसानाच्या स्पेलला हे चालून जाईल, पण माणसाला जागच्या जागी जखडणाऱ्या होल्ड पर्सनसारख्या स्पेलमध्ये नापास होणं म्हणजे लढाईतून बाद होणं.

कॉन्सन्ट्रेशनला हात लावलेली वस्तू

दोन स्पेलवर एकाच वेळी कॉन्सन्ट्रेशन ठेवू देणारी अंगठी ही होमब्रूतली बहुधा सगळ्यात लोकप्रिय कल्पना असावी. माझं मत ठाम आहे: ती बनवूच नका, लेजंडरी म्हणूनसुद्धा नको. पाचव्या आवृत्तीत हेस्ट, फ्लाय, होल्ड पर्सन, वेब, बॅनिशमेंट यांपैकी प्रत्येक स्पेल इतका जोरकस ठेवता आला तो फक्त यामुळे की दोन एकत्र चालत नाहीत. हे बंधन काढलं तर त्या सगळ्या स्पेल नव्याने तपासाव्या लागतील, आणि ते काम एका अंगठीसाठी कुणी करत नाही.

खेळाडूला खरं तर काय हवं असतं ते विचारा. बहुतेकांचं दुखणं दुसऱ्या स्पेलचं नसतं. पहिली स्पेल एका बाणाने तुटली याचं असतं. नुकसान झालं की कॉन्स्टिट्यूशनची सेव्ह टाकायची, डीसी १० किंवा नुकसानाच्या निम्मा, जो जास्त असेल तो. मग ‘दिवसातून एकदा, ही सेव्ह चुकली तर ती पास झाली असं धरा’ अशी अंगठी द्या. दुखणं बरं होतं आणि बंधन शाबूत राहतं.

चार्जेस आणि विश्रांती

इथे दोष वस्तूत कमी आणि टेबलाच्या चालीत जास्त असतो. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी पार्टीला झेपतील असं धरलेलं आहे. वँड ऑफ फायरबॉल्सचे सात चार्जेस (वापराच्या संधी) त्या हिशेबात सात वेळचे निर्णय ठरतात. पण तुमच्या कॅम्पेनमध्ये दिवसाला एकच मोठी लढाई होत असेल तर तेच सात चार्जेस त्या एका लढाईत ओतले जातात आणि पहाटे १डी६ + १ परत येतात. एका फायरबॉलचं सरासरी नुकसान २८. विझर्डच्या स्वतःच्या तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटना अशा टेबलावर काही किंमत उरत नाही.

तेव्हा चार्जेस ठरवण्याआधी आपल्या गेल्या काही सेशनमध्ये दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतींच्या) मध्ये किती लढाया झाल्या ते आठवा. एक किंवा दोन असतील तर तीन चार्जेस पुरेत. ‘पहाटे सगळे परत’ ऐवजी १डी३ परत येऊ द्या, म्हणजे लागोपाठच्या दोन दिवसांत खेळाडू हात राखून खेळेल.

याच वर्गातला आणखी एक दोष: वस्तू हातोहात फिरते. ‘दिवसातून एकदा २डी८ + ४ हिट पॉइंट परत मिळतात’ असं लॉकेट लिहिलं. दिवसातून एकदा कुणाला? प्रत्येक पात्राला असा अर्थ लागला तर पाच जणांची पार्टी ते लॉकेट फिरवून पाच वेळा बरी होईल. मर्यादा वस्तूवर लिहा, धारण करणाऱ्यावर नको: ‘एकदा वापरल्यावर पुढच्या पहाटेपर्यंत या लॉकेटचा हा गुण वापरता येत नाही.’ शिवाय अट्यूनमेंट लावा. त्याला शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) लागत असल्यामुळे लढाईच्या मध्ये हातबदल होत नाही.

लढाईत निरुपद्रवी, कथेत घातक

काही वस्तूंत एकही फासा नसतो आणि तरी त्या अख्खं कॅम्पेन मोडतात. खोटं बोललं की थरथरणारी अंगठी. नेहमी हव्या त्या माणसाकडे वळणारा होकायंत्राचा काटा. दुसऱ्या लेव्हललाच अमर्याद उड्डाण.

उड्डाणाच्या बाबतीत रेअरिटीवर विसंबू नका. २०१४ च्या नियमांत विंग्ड बूट्स आणि ब्रूम ऑफ फ्लाइंग दोन्ही अनकॉमन आहेत, आणि झाडूला तर अट्यूनमेंटही लागत नाही. अधिकृत यादीत आहे म्हणून तुमच्या कथेला चालेल असं नाही. दरी, तटबंदी, जमिनीवरचा सापळा, फक्त तलवार असलेला शत्रू या सगळ्यांचा अर्थ एका वस्तूने बदलतो. तुमच्या पुढच्या दोन महिन्यांच्या आखणीत यांतलं किती आहे ते बघून ठरवा.

खोटं पकडण्याचं बंधन नियमांनी कसं घातलंय ते पाहा. झोन ऑफ ट्रुथ ही दुसऱ्या लेव्हलची स्पेल आहे, दहा मिनिटं चालते, सेव्ह मिळते, आणि समोरचा गप्प बसू शकतो किंवा शब्द फिरवून उत्तर टाळू शकतो. म्हणजे स्पेल असूनही संभाषण करावंच लागतं. थरथरणाऱ्या अंगठीने ते संभाषणच संपवलं. तिला असं बदला: दिवसातून एकदा, नुकतंच ऐकलेलं एक वाक्य निवडा, बोलणाऱ्याचा स्वतःचा त्यावर विश्वास आहे की नाही एवढंच कळेल. आता फसवला गेलेला साक्षीदार, अर्धसत्य, चुकीचं वाक्य निवडणं हे सगळं पुन्हा खेळात आलं. रहस्यकथा चालवणाऱ्या जीएमला ही अंगठी मी आनंदाने देईन.

शाप लावून तोल साधत नाही

बार्बेरियनला करिश्मा २ ने कमी करणारी कुऱ्हाड देणं म्हणजे त्याला काहीच किंमत न लावणं. लाभ ज्या नाण्यात मिळतो त्याच नाण्यात किंमत वसूल झाली पाहिजे. लढाईत लाभ असेल तर किंमत अ‍ॅक्शन, जागा, हिट पॉइंट किंवा स्लॉटमध्ये घ्या. मला स्वतःला हिट डाइस (विश्रांतीत हिट पॉइंट परत मिळवायला टाकायचे फासे) हे चलन फार आवडतं. ‘एक हिट डाय खर्च करा आणि तो टाकून आलेला आकडा नुकसानात मिळवा’ अशी वस्तू आजच्या जोरासाठी उद्याची विश्रांती गहाण ठेवायला लावते, आणि क्लेरिकला ते एका स्पेलने भरून काढता येत नाही.

सूत्रांवरही भार टाकू नका. तिसऱ्या आवृत्तीत जादुई वस्तूंची किंमत काढायची सूत्रं छापलेली होती. त्यात पहिल्या लेव्हलच्या ट्रू स्ट्राइकचा, म्हणजे अटॅकला +२० चा परिणाम वस्तूत कायमचा बसवला तर हिशेबाने तो काही हजार सोन्याच्या नाण्यांत मिळायचा. सूत्र स्पेलची लेव्हल मोजत होतं. ती स्पेल एका वारापुरतीच असते आणि त्यासाठी अ‍ॅक्शन जाते, हे बंधन सूत्राला दिसत नव्हतं.

पाथफाइंडर या अशाच वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत खेळत असाल तर एक वेगळी सावधगिरी. तिथे डीसीपेक्षा १० ने जास्त आलं की क्रिटिकल होतं, त्यामुळे +१ लागण्याची शक्यताही वाढवतो आणि क्रिटिकलचीही. आयटम बोनस (वस्तूंमुळे मिळणारे बोनस) एकमेकांत मिळवायचे नाहीत, सगळ्यात मोठा तेवढा धरायचा, हा नियम तिथला बांध आहे. होमब्रू वस्तूला ‘बिननावाचा’ बोनस देऊन तो बांध फोडू नका.

वस्तू आधीच देऊन झाली आहे

चोराकडून ती पळवून नेऊ नका. खेळाडूला ते लगेच कळतं, आणि त्यानंतर तो मिळालेल्या कुठल्याच वस्तूवर जीव लावत नाही. सेशनच्या बाहेर, शक्यतो त्याच्याशी एकट्याने, सरळ बोला: वस्तू बाकीच्यांची टर्न खाते आहे, मला ती बदलायची आहे, तुला यातलं नेमकं काय आवडतं? उत्तर बहुतेकदा फाशांचं नसतं. वीज कडाडते ते आवडतं, भाला परत हातात येतो ते आवडतं. ते शिल्लक ठेवा आणि बाकीचं दोघं मिळून लिहा. काढून घेतलेला गुण कायमचा गेला असं करण्यापेक्षा तो पुढच्या टप्प्यावर, समजा अकराव्या लेव्हलला, परत जागा होईल असं ठरवलं तर खेळाडू सहसा राजी होतो.

नवी कल्पना असेल तर ती आधी संपणाऱ्या रूपात द्या. तीन वापर, चार्जेस परत येत नाहीत, तिसऱ्या वापरानंतर वस्तूचे तुकडे. तीन वापरांत जे कळायचं ते कळतं आणि कुणाला काही परत मागावं लागत नाही.

उलट तक्रारही असते, वस्तू कुणी वापरतच नाही. तिथे बहुतेक वेळा ती अख्खी अ‍ॅक्शन मागत असते आणि ती अ‍ॅक्शन खेळाडूच्या रोजच्या वारापेक्षा कमी फळ देते. बोनस अ‍ॅक्शनवर आणा. डीसी १३ असा ठरावीक लिहिला असेल तर तो वापरणाऱ्याच्या प्रोफिशिअन्सी बोनसवर (लेव्हलबरोबर वाढणाऱ्या आकड्यावर) बांधा.

आता वरचा भाला, दुरुस्त करून:

विजेचा भाला. शस्त्र, रेअर, अट्यूनमेंट आवश्यक. तुमच्या प्रत्येक टर्नमध्ये एकदा, या भाल्याचा वार लागला तर लक्ष्याला विजेचं २डी६ जास्तीचं नुकसान होतं. भाल्यात तीन चार्जेस आहेत. असं नुकसान केल्यावर तुम्ही एक चार्ज खर्चू शकता. तसं केल्यास त्या लक्ष्याला त्याच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत रिअ‍ॅक्शन घेता येत नाही. रोज पहाटे १डी३ चार्जेस परत येतात.

पहिल्या काही सेशनमध्ये वहीत एवढंच टिपा की खेळाडूने चार्ज कुठल्या क्षणी खर्च केला. सोबती अडकला होता म्हणून केला, समोर काउंटरस्पेलवाला होता म्हणून केला, तर भाला जसा आहे तसा राहू द्या. प्रत्येक लढाईच्या पहिल्याच वाराला, समोर कोण आहे ते न बघता चार्ज जात असेल, तर तीनऐवजी दोन करून पुन्हा बघा.